डिस्क्रिमिनंट अ‍ॅनालिसिस प्रबंधांतून हद्दपार करायचं का?

रापणकार (पणजी)
डिस्क्रिमिनंट अ‍ॅनालिसिस म्हणजे अनेक मापांवरून एखादी वस्तू आधी ठरलेल्या गटांपैकी कुठल्या गटातली, हे सांगणारी संख्याशास्त्राची पद्धत. मत्स्यशास्त्राच्या मुलांना हल्ली सगळीकडून एकच सल्ला मिळतो: डिस्क्रिमिनंट अ‍ॅनालिसिस जुनं झालं, रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचा कौल घेणारी पद्धत) नाहीतर लॉजिस्टिक रिग्रेशन (गटात असण्याची शक्यता थेट काढणारी पद्धत) वापरा. मला हा सल्ला चुकीचा वाटतो.

गोव्यातल्या मालीम आणि कुटबण या दोन मासेमारी जेटींवर येणारे बांगडे एकाच साठ्यातले (म्हणजे आपसांतच प्रजनन करणाऱ्या एका समूहातले) की वेगळ्या, हा प्रश्न घ्या. माशाच्या अंगावर ठरावीक खुणा धरायच्या: तोंडाचं टोक, पाठीवरच्या पराची सुरुवात, शेपटीचं मूळ. मग त्यांच्यातली अंतरं मोजायची. एकेक अंतर सुटं पाहिलं तर दोन्हीकडचे आकडे एकमेकांत मिसळलेले दिसतात. संख्याशास्त्रज्ञ फिशरनं 1936 साली यावर तोड काढली. प्रत्येक मापाला वजन देऊन अशी बेरीज करायची की गटांच्या आतल्या फरकाच्या मानानं गटागटांतला फरक जास्तीत जास्त उठून दिसेल. त्याच्या उदाहरणात आयरिसच्या तीन जातींची 150 फुलं होती, प्रत्येकाची चार मापं. सेटोसा पार वेगळी पडते, उरलेल्या दोन जाती थोड्या एकमेकींत शिरतात. फरक नेमका कुठल्या मापांनी पाडला तेही समजतं. रँडम फॉरेस्ट इतकं सरळ सांगत नाही.

खाजन (फोंडा)
रापणकारबाब, मापं एकमेकांशी घट्ट जोडलेली असली की वजनांची चिन्हंसुद्धा उलटतात. ती वाचून निष्कर्ष काढणं धोक्याचं.

तुमचे बांगडे तर माझ्याच बाजूनं बोलतात. मोठ्या माशाचं सगळंच मोठं. एका जेटीवरचे नमुने पावसाळी बंदी उठल्याबरोबर ऑगस्टात घेतले आणि दुसरीकडचे जानेवारीत, तर ही वजनांची बेरीज, म्हणजे फंक्शन, साठे वेगळे करणार नाही, लहान-मोठे मासे वेगळे करील. प्रबंधात मात्र छापून येईल, ‘दोन स्वतंत्र साठे आढळले.’ शिवाय मापं नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या) वितरणातली हवीत, गटांचं कोव्हेरियन्स (मापं एकमेकांबरोबर कशी बदलतात ते) सारखं हवं. ते तपासणारी बॉक्सची एम चाचणी किती जण करतात? लॉजिस्टिकला या अटी नाहीत.

रापणकार
लहान-मोठेपणाचा परिणाम आधी काढून टाकायचाच असतो, त्याबद्दल वाद नाही. पण ऑगस्ट-जानेवारीचे मासे लॉजिस्टिकमध्ये घातले तरी वेगळेच पडतील! खोट नमुन्यात आहे. अटी पाळल्या गेल्या तर तितकीच अचूकता डिस्क्रिमिनंट कमी नमुन्यांत गाठतं, हे संख्याशास्त्रज्ञ एफ्रॉननं 1975 साली दाखवलं. गट पूर्ण वेगळे पडले की लॉजिस्टिकचे सहगुणक (मापांची वजनं) फुगत जातात, ते कोण सांगणार? कोव्हेरियन्स वेगळं असेल तर ते गटागणिक वेगळं धरणारा क्वाड्रॅटिक प्रकार आहेच.

हिशेबनीस (मडगाव)
मी कॉमर्सवाला. ऑल्टमननं 1968 साली 66 कंपन्या घेतल्या, निम्म्या बुडालेल्या, निम्म्या तगलेल्या, आणि पाच गुणोत्तरांतून झेड-स्कोअर (कंपनी बुडेल का याचा अंदाज देणारा आकडा) बसवला. तो आजही शिकवतो. पण बाजारात निम्म्या कंपन्या बुडत नाहीत. एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर, आपण वेगळं काही न सांगितल्यास, सगळे गट समान संभाव्यतेचे धरतं, आणि मुलं ते तसंच ठेवतात. पर्यटक परत येईल की नाही, अशा प्रश्नावलीत तर निम्मे प्रश्न हो-नाहीचे असतात, ती उत्तरं नॉर्मल वितरणात बसत नाहीत. तिथे मी खाजनच्या बाजूनं.

सत्तरीकार (वाळपई)
तुम्ही सगळे अचूकतेवर भांडताय. माझा आक्षेप त्याआधीचा आहे. या पद्धतीला गट आधीच ठरवून द्यावे लागतात. ते खरे आहेत का, हे ती विचारत नाही. फिशरचा लेख ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या वंशसुधारणेच्या नियतकालिकात आला होता. संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी 1948 साली ही पद्धत अनेक गटांपर्यंत नेली, तेव्हाचं उदाहरण आपल्याकडच्या जाती-जमातींच्या शरीरमापांचं होतं. नाकाची मापं घेऊन माणसांची वर्गवारी! समाजशास्त्रातून ही पद्धत काढाच.

रापणकार
जातीच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य. पण सांगाडा स्त्रीचा की पुरुषाचा हे हाडांच्या मापांवरून ठरवताना हीच पद्धत उपयोगी पडते, कारण तिथे ज्या सांगाड्यांवर नियम बसवला त्यांचं लिंग आधीपासून नोंदलेलं असतं. गट मोजमापांबाहेरच्या पुराव्यावर उभे असले तर वापरावी.

सत्तरीकार
मग बांगड्यांचं काय? मालीम आणि कुटबण हे गट कुठल्या पुराव्यावर? होडी जिथे लागली तिथले मासे, एवढंच ना?

रापणकार
बरोबर, म्हणून जनुकीय तपासणीची जोड हवी. ती नसेल तर ‘साठे’ हा शब्द वापरूच नये, ‘अंगाच्या ठेवणीतला फरक’ म्हणावं. आणि ज्या माशांवर नियम बसवला त्यांच्यावरच तो तपासून अचूकतेची टक्केवारी छापू नये. निदान लीव्ह-वन-आउट (एकेक मासा बाजूला ठेवून, उरलेल्यांवर नियम बसवून तो त्या माशावर तपासणं) तरी करावं.

खाजन
तेही पुरत नाही. एका खेपेतले मासे एकाच थव्यातले असतात. त्यातला एक बाजूला काढलात तरी त्याची भावंडं आत राहतात आणि उत्तर आपसूक बरोबर येतं. अख्खी खेप बाजूला काढा, उरलेल्या खेपांवर नियम बसवा आणि मग तपासा. तेवढं करून बांगडे वेगळे पडले, तर मी तुमचं ऐकेन.