'वजन चुकवलं' बरोबर का चूक?

टिळकवाडीकर: २०२५ च्या युबँक ज्युनियर-बेन बॉक्सिंग फाइटची माहिती मराठीत करालोय. मिडलवेट या वजनगटाची लिमिट १६० पौंड, आणि गडी काट्यावर भरला १६०.०५. जास्तीचे बावीस-तेवीस ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे साखर, आणि करारात लिहिलेलं म्हणून दंड ३ लाख ७५ हजार पौंड! (वजनाचा पौंड वेगळा नि पैशाचा वेगळा हे सांगण्यातच अर्धा परिच्छेद गेला.) इंग्रजीत 'missed weight' म्हणतात, म्हणून मी लिहिलं 'युबँकने वजन चुकवलं'. आमची आत्या मराठीची रिटायर्ड बाई, ती म्हणाली चुकवतात तो कर, नाहीतर नजर. 'वजन भरलं नाही' म्हणावं तर कमी पडलं असा उलटाच अर्थ होतोय.

कडोलीकर: 'काट्यावर अडकला' लिही की. एका सीझनला आमची उसाची ट्रॉली बाहेरच्या काट्यावर करून नेली तर फॅक्टरीत तीन क्विंटल कमी भरली, कुठली ते विचारू नका. आमच्यात 'काटा मारला' म्हणतात, पण तुझ्या बॉक्सरनं काटा मारला नाही, काट्यानंच त्याला मारलं.

टिळकवाडीकर: 😄 बरं आणि कॅचवेट? दोन गटांच्या मधलंच वजन करारात ठरवतात ते.

खानापूरचा पाव्हणा: हे तर आपलं जोड लावणं. जत्रेच्या फडात वजन कोण करतंय, दोन्ही पोरं लांग घालून समोरासमोर उभी करायची, पंच मान बघणार, पिंढरी बघणार, वस्ताद कुरकुरणार की आमचा हलका पडतोय, मग लावा जोड. अल्वारेझ नि चावेझ ज्युनियरचं २०१७ ला तेच, एक गट १६० चा, दुसरा १६८ चा, मध्ये १६४.५ वर सौदा. म्हणून 'बोलीचं वजन'.

शब्दवेडा: 'वजन' मुळात अरबी. जुन्या मराठीत तुकणे म्हणजे तोलणे, तेव्हा 'बोलीचं तूक' म्हणा.

निपाणीकर: तूक?? ते कन्नड हो. शनिवारच्या बाजारात 'तूक एष्टु' (वजन किती) दर वेळी ऐकतोय.

शब्दवेडा: दोन्हीकडं आहे. त्यांनी आपल्याकडून घेतलं असेल.

निपाणीकर: किंवा उलट. आता ह्याच्यावरनं पण सीमावाद काढू नका.

कडोलीकर: तुकाराम पण ह्याच्यावरनंच काय? वाण्याचं दुकान, तराजू...

शब्दवेडा: काहीही ओढूनताणून!

खानापूरचा पाव्हणा: ते सोडा, रिहायड्रेशन क्लॉजला, म्हणजे काट्यानंतर किती वजन वाढू द्यायचं त्या अटीला, काय म्हणणार? डेव्हिस-गार्सिया, २०२३, काट्यावर १३६ आणि फाइटच्या दिवशी सकाळी परत काटा, १४६ च्या वर जायचं नाही. कारण आदल्या दिवशी वाळून वजन द्यायचं नि रात्रीत पाणी पिऊन, जेवून फुगायचं ही जुनी रीत. बाजारात बकऱ्याला मीठ चारून पाणी पाजतात तसंच.

टिळकवाडीकर: 'पाणीबंदी'?

निपाणीकर: ती तर आमच्या गल्लीत दर आठवड्याला असते 😑

टिळकवाडीकर: 'वजन जास्त भरलं' लिहून पाठवून दिलं शेवटी. आत्याला 'भरलं' चाललं, आता ती 'फाइट' वर अडून बसलीय.

शब्दवेडा: लढत म्हणा. पण तुकणे आपलंच.

निपाणीकर: ಹೌದಾ म्हणजे काय ते माहीत आहे ना? 'हौदा', कन्नडमध्ये 'असं होय?'!