हलकी .१७७ एअर रायफल : स्प्रिंग, गॅस रॅम की पीसीपी? नेम, टिकाऊपणा आणि आपला उन्हाळा

चोपडेकर
वजन ३ किलोच्या आसपास हवं, कारण आठवीतली मुलगीही सराव करणार आहे. सध्या जुनी ब्रेक-बॅरल (बॅरल मोडून स्प्रिंग दाबायची, म्हणजे कॉक करायची) स्प्रिंग रायफल आहे, त्यावर साधी दुर्बीण. १० मीटरवर पहिले चार छर्रे चिकटून बसतात, पुढचे डावीकडे खाली पांगतात. सकाळी बसवलेला नेम दुपारी लागत नाही. दुरुस्त करू की बदलू? वापरणाऱ्यांनीच सांगा, दुकानदाराचं ऐकून झालंय.

वरणबट्टी
इतक्यात विकू नका. ब्रेक-बॅरलचा नेम बिघडला की लोक बॅरलला दोष देतात, पण दहातल्या आठ वेळा गुन्हेगार लाकडाचे स्क्रू असतात. पुढच्या दस्त्याला दोन्ही बाजूंनी एकेक आणि ट्रिगर गार्डपाशी एक किंवा दोन. स्प्रिंगच्या हादऱ्याने ते शंभरेक फैरींत सैल होतात. काढा, थिनरने पुसा, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) थेंब लावून बसवा. लाल लावू नका, पुढच्या वेळी स्क्रूचं डोकंच हातात येईल.

मग बिजागरीचा बोल्ट. रायफल कॉक करून बॅरल अर्ध्यावर सोडा. आहे तिथेच थांबली तर ठीक, आपोआप खाली पडली तर बोल्ट सैल आहे. कॉक न करता हे करू नका, अर्धी दाबलेली स्प्रिंग बॅरल झटक्यात वर फेकते; छर्रा भरलेला नको आणि ट्रिगरला बोट नको. आणि छर्रा भरताना एक हात बॅरलवर घट्ट हवाच; ट्रिगर सुटला तर बॅरल झटक्यात वर येते आणि बोटं जातात. मुलीला पहिला धडा हाच द्या.

तिसरं, पकड. स्प्रिंग रायफल छर्रा बॅरलमध्ये असतानाच आधी मागे आणि लगेच पुढे झटकते. विटेवर किंवा टेबलाच्या कडेवर टेकवली की दर वेळी वेगळी उडते. पुढचा दस्ता उघड्या तळहातावर नुसता ठेवा, आवळू नका, खांद्यालाही हलकीच लावा. हाताची जागा दर वेळी तीच हवी, एखादी खूण करून ठेवा.

भुसावळ_४६
दुर्बीणच बघा आधी, भो. हा दुहेरी झटका साध्या दुर्बिणीला मानवत नाही, आतली रेटिकल (नेमाची फुली) ढिली होते. काडतुसाच्या दणकट रायफलची दुर्बीण मागच्या धक्क्यासाठी बनवलेली असते, पुढच्या नाही. एअरगनसाठी म्हणून दिलेलीच घ्या, एका तुकड्याचा माउंट (दुर्बीण रायफलवर धरणारी पकड) आणि त्याला सरकू न देणारी स्टॉप पिन. नाहीतर माउंट ११ मिमीच्या खाचेत हळूहळू मागे सरकतो. फोकस १० यार्डांपर्यंत खाली येणारा हवा. १०० यार्डांवर पॅरलॅक्स बांधलेली दुर्बीण १० मीटरवर डोळा हलला की नेमही हलवते.

क्लिकचा हिशोब: पाव मिनिटाची (कोनाचा मिनिट, अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १० मीटरवर जेमतेम ०.७ मिमी. एक सेंटिमीटर सरकवायचं तर चौदा क्लिक लागतात, दोन-तीन फिरवून "काही होत नाही" म्हणू नका.

सातपुडा
सकाळ-दुपारच्या फरकाबद्दल. गॅस रॅम (स्प्रिंगच्या जागी दाबलेल्या गॅसची नळी) असेल तर कारण सरळ आहे: आतल्या गॅसचा दाब तापमानाबरोबर चढतो. जानेवारीतल्या पहाटेचे १२ अंश आणि मेच्या दुपारचे ४४ अंश, यात दाब सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो. वेग बदलला की छर्ऱ्याची जागा बदलणारच. स्प्रिंगला हा त्रास कमी, पण तिचं ग्रीस पातळ होऊन पुढे सरकतं आणि कॉम्प्रेशन चेंबरमध्ये (पिस्टन हवा दाबतो ती नळी) जळतं. धूर, तेलकट वास, नेहमीपेक्षा मोठा आवाज आला की हेच समजा. चेंबरमध्ये साधं मशिनचं तेल घालू नका, तेच पेटतं आणि पिस्टनचं वॉशर खातं. स्प्रिंगला मॉली ग्रीस, तेही बोटाला लागेल इतकंच. छर्रा न भरता ट्रिगर दाबू नका, पिस्टन आपटून वॉशर फुटतं.

आपल्याकडच्या उन्हात मी स्प्रिंगच्या बाजूचा. रॅम गेला की अख्खा बदलायचा. स्प्रिंग मात्र कामचलाऊ अवजारांतही निघते. फक्त ती दाबात असते, म्हणून स्प्रिंग दाबून धरणाऱ्या क्लॅम्पशिवाय पिन काढायची नाही.

चोपडेकर
स्प्रिंगच आहे. स्क्रू दोन्ही सैल निघाले. छर्रे कोणते?

वरणबट्टी
१० मीटरसाठी चपट्या तोंडाचे, ०.५३ ग्रॅमच्या आसपास. शेतावर २०-२५ मीटरला गोल तोंडाचे, ४.५२ मिमी डोक्याचे, ८.४४ ग्रेन (सुमारे ०.५५ ग्रॅम). चार प्रकार आणून प्रत्येकी दहा मारा. पण प्रकार बदलला की पहिले पंधरा-वीस मोजू नका, बॅरलला नव्या शिशाची सवय व्हावी लागते. घेर वाकलेला छर्रा बाजूला टाका. टेकवून मारलेल्या दहा छर्ऱ्यांची भोकं एक रुपयाच्या नव्या नाण्याखाली (सुमारे २० मिमी) झाकली गेली तर या वर्गात रायफल चांगली. स्पर्धेच्या कागदावर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर आहे, त्याच्या मागे स्प्रिंग घेऊन लागू नका.

तापीकाठ
मुलगी स्पर्धेकडे वळणार असेल तर पीसीपीच (टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी). झटका नाही, म्हणून पकडीच्या चुका लगेच कळतात. पण हाताने भरायचा पंप घेणार असाल तर ५०-६० झटक्यांनंतर थांबून थंड होऊ द्या, ओल शोषणारे दाणे पावसाळ्यात वारंवार बदला. निळे गुलाबी झाले की संपले. २५ अंशांत २०० बार भरून गाडीत ठेवली आणि गाडी ६० अंशांवर तापली तर दाब २२३च्या घरात जातो. मे महिन्यात भरलेली रायफल डिकीत ठेवायची नाही.

कायद्याचंही बघा. ४.५ मिमीपर्यंत (.१७७ म्हणजे तेवढीच) आणि २० जूलपर्यंत परवाना नाही (शस्त्र नियम, २०१६). ८.४४ ग्रेनचा छर्रा २७० मीटर प्रति सेकंदाने सुटला की २० जूलला टेकलात. ज्वारीवरच्या पोपटांवर वापरायची नाही, १९७२च्या वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे.

चोपडेकर
ब्रीचवर (बॅरलच्या मागच्या तोंडाशी) टिश्यूचा तुकडा ठेवून फैर केली, उडतोय. वॉशर की ओ-रिंग (तिथली रबरी कडी)?

भुसावळ_४६
ओ-रिंग. जुनी व्हर्नियरने मोजा: आतला व्यास आणि जाडी, दोन्ही. एमआयडीसीतल्या हायड्रॉलिक सीलच्या दुकानात नायट्राइल रबराची मिळेल. बसवल्यावर ब्रीचच्या वर नखाला जाणवेल इतकी उठलेली हवी. खाली गेली तर खाचेत पातळ प्लास्टिकची चकती घाला. तरी वेग पडलेलाच राहिला तर मग पिस्टनचं वॉशर उघडा. आणि छर्रे हाताळून झाल्यावर मुलीचे हात साबणाने धुवा, शिसं आहे ते.