मेडिकलच्या मुलाखतीचे गुण कसे देतात?

प्रेषक: एक पालक, मिसिसागा

नमस्कार मंडळी,
गेल्या रविवारी लेक इथे कॅनडात मेडिकलच्या प्रवेशाची मुलाखत देऊन आली. १० खोल्या, प्रत्येक खोलीत ८ मिनिटं. बाकी सगळं बरं गेलं, सातव्या खोलीत मात्र तिला काही सुचेना. शेवटची दोन मिनिटं ती नुसती गप्प बसून होती. तेव्हापासून धड जेवलेली नाही. आमच्या वेळी बारावीचे मार्क आणि मेरिट लिस्ट, एवढंच होतं. आता तिकडे भारतात ‘नीट’ परीक्षा आहे, त्यातही रँक डोळ्यांसमोर दिसतो. इथे १० खोल्यांत १० वेगळी माणसं, कोणी कडक, कोणी सढळ हाताचं. मग एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करतात तरी कशी?

प्रेषक: एक सभासद, बर्लिंग्टन

दादा,
आधी तिला समोर बसवून जेवायला घाला.

मी दोन वर्षं इथल्या एका मेडिकल स्कूलसाठी मुलाखती घेतल्या आहेत. मी डॉक्टर नाही. शहरातल्या सामान्य लोकांनाही बोलावतात, तशी गेले. प्रश्न सांगता येणार नाहीत, तशी सही दिलेली आहे. पद्धत मात्र उघड आहे.

दिवसभर माझी खोली एकच आणि प्रसंगही एकच. मूल तो प्रसंग दारावरच्या कागदावर दोन मिनिटं वाचतं, घंटा झाली की आत येतं, ८ मिनिटांनी पुन्हा घंटा. मग मी १ ते १० मधला एक आकडा लिहायचा. त्याचे कॉलेजचे मार्क मला माहीत नसतात, आधीच्या खोलीत काय झालं तेही नाही. आकडा द्यायचा तो माझ्या खोलीत आलेल्या इतर मुलांच्या तुलनेत. पहिल्या दोघा-तिघांच्या वेळी हात अडखळतो, पाचव्या-सहाव्यापर्यंत अंदाज बसतो. म्हणून मी आधी पेन्सिलीने लिहायचे.

मी कडक असले तर त्या फेरीतल्या, म्हणजे ओळीने माझ्या खोलीत येणाऱ्या, सगळ्यांनाच कडक. शेजारी दुसऱ्या मुलांच्या अशाच फेरीत कोणी सढळ असेल, म्हणून काही ठिकाणी प्रत्येक परीक्षकाची सरासरी बघून गुण एका पातळीवर आणतात.

ही पद्धत आपल्या हॅमिल्टनचीच. मॅकमास्टर विद्यापीठात केव्हिन ईव्हा, हॅरॉल्ड रायटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली, २००४ मध्ये त्यावर शोधनिबंध छापला. जुन्या पद्धतीत तिघं परीक्षक एका टेबलामागे बसत. पहिलं उत्तर आवडलं की पुढचीही गोड लागतात, आणि तिघांवर छाप एकदमच पडते. शिवाय एका प्रसंगात छान बोललेलं मूल दुसऱ्या प्रसंगात तसंच बोलेल याचा भरवसा नसतो. म्हणून तेच तिघं तीन खोल्यांत बसवले, तर निकाल जास्त भरवशाचा लागतो. मला हे अगदी पटतं.

तेव्हा तिची सातवी खोली म्हणजे दहातली एक. आठव्या खोलीतल्या माणसाला ती गप्प बसल्याचा पत्ताही नव्हता. खोटा धीर मात्र देत नाही. मॅकमास्टरच्या शेवटच्या यादीत अनेक वर्षं मुलाखतीला ७० टक्के वजन होतं, पदवीचे मार्क १५ आणि एमकॅट या प्रवेशपरीक्षेचा वाचन-आकलनाचा भाग १५.

प्रेषक: एक सभासद, टोरांटो

ताईंच्या मेलला जोड. सगळीकडे १० खोल्या नसतात. टोरांटो विद्यापीठाने चारच मुलाखती ठेवल्या, पण प्रत्येक थोडी मोठी, साधारण १२ मिनिटांची. चारही परीक्षक वेगळे, म्हणजे मूळ विचार तोच. २०२० मध्ये कोविडमुळे मॅकमास्टरने मुलाखतीच रद्द केल्या. आधीच्या गुणांवर वरच्या १०० जणांना थेट जागा आणि बाकीच्या जागांसाठी चक्क सोडत! मुलाखत कितीही अपुरी असो, मुलाला निदान तोंड उघडायची संधी मिळते. माझ्या मुलाला मी सोडतीपेक्षा तीच निवडायला सांगेन.

प्रेषक: एक पालक, मिसिसागा

ताई, तुमची मेल तिला वाचून दाखवली. आठव्या खोलीत ती चांगली बोलली होती, हे तिने आज पहिल्यांदा सांगितलं. तिने विचारलंय, पेन्सिलीने लिहिलेला आकडा तुम्ही कधी वाढवलात का?

प्रेषक: एक सभासद, बर्लिंग्टन

हो, वाढवलाय. बहुतेक वेळा सकाळी पहिल्या आलेल्या मुलाचा.