सँटोरिनी म्हणजे नुसती फोटोची जागा? मला मान्य नाही

पायपीट

काल इथे ग्रीसच्या सँटोरिनी बेटाबद्दल एकाने लिहिलं, "सँटोरिनीत पांढरी घरं, काळी वाळू आणि गर्दी, बाकी शून्य. बीच हवा तर जवळच्या नाक्सोस बेटावर जा, नाहीतर सरळ तारकर्ली गाठा." त्याखाली नुसती 'लाइक'च्या अंगठ्यांची रांग! रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सप्टेंबरअखेर पाच दिवस तिथे होते. ओइया गावातला सूर्यास्त एकदाच पाहिला, तोही लोकांच्या खांद्यांमधून. त्याला तुम्ही खुशाल नावं ठेवा. पण फिरा या मुख्य गावापासून ओइयापर्यंत कड्याच्या काठाने दहाएक किलोमीटरची पायवाट आहे, ती चाललात का? इमेरोविग्ली मागे पडलं की घरं विरळ होतात आणि डाव्या हाताला खूप खाली निळं पाणी दिसतं. साडेतीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ज्वालामुखी फुटला, बेटाचा मधला भाग खचला आणि त्यात समुद्र शिरला. आपण चालतो तो त्या खड्ड्याचा काठ. कड्यात काळे-तांबडे थर, वर पांढरट राख. वाटेत एक दगड उचलला तर हाताला वजनच लागेना. आजीच्या न्हाणीघरात टाच घासायची वजरी असायची, अगदी तस्सा.

आणि आक्रोतिरी! राखेखाली गाडलं गेलेलं गाव, १९६७ पासून उकरताहेत. दोन-तीन मजली घरं, रस्त्याखालून गटार, रांजण जागच्या जागी. माणसांचे सांगाडे मात्र नाहीत. आधी धरणीकंप झाले तेव्हाच लोक निघून गेले असावेत. एका घराचा दगडी जिना आहे, त्याची प्रत्येक पायरी मधोमध तडकलेली. त्या जिन्यासमोरून माझा पाय निघेना. याला 'शून्य' म्हणायचं?

चार_माणसं_दोन_बॅगा

ते लिहिणारा मीच, आणि अजूनही तेच म्हणेन.

ताई, तुम्ही एकट्या गेलात, सप्टेंबरात. मी जुलैत गेलो, सोबत सत्तरीचे आईबाबा. एजंटाने 'समुद्र दिसणारी खोली' म्हणून पैसे घेतले आणि खोलीपर्यंत चौसष्ट पायऱ्या आहेत हे सांगितलंच नाही. आईचे गुडघे! समोरच्या ज्वालामुखीच्या छोट्या बेटावरून होडीने फिराच्या कड्याखालच्या जुन्या बंदरात परत आलो, तर खाली क्रूझची तीन जहाजं. केबल कारला दीड तास उन्हात रांग. दुसरा रस्ता म्हणजे ५८८ पायऱ्या, नाहीतर गाढवं. आई त्या गाढवांकडे बघून म्हणाली, "मी नाही बसायची, त्याचीच पाठ सोललीय." तडकलेला जिना बघायला त्यानंतर कुणात त्राण होतं?

तिथून नाक्सोसला फेरीने दोनेक तास. आयिओस प्रोकोपिओसच्या किनाऱ्यावर बारीक, फिक्या सोनेरी वाळूवर बाबा पाय पसरून बसले ते दोन तास उठले नाहीत. संध्याकाळी पोर्तारा पाहिला. अडीच हजार वर्षांपूर्वी अपोलोच्या देवळाचं काम सुरू झालं, पुरं झालंच नाही, संगमरवरी दाराची चौकट तेवढी उभी. तिथेही सूर्यास्त होतो, आणि बसायला जागा मिळते.

पायपीट

मग दोष जुलैचा आणि एजंटाचा आहे, बेटाचा कसा? आणि गर्दीचं म्हणाल तर २०२५ पासून क्रूझच्या प्रवाशांना दिवसाला आठ हजारांची मर्यादा घातली आहे. गाढवांवर शंभर किलोहून जास्त ओझं लादायचं नाही असा नियम २०१८ चाच आहे.

चार_माणसं_दोन_बॅगा

वस्ती साडेपंधरा हजारांच्या आसपास, आणि रोज आठ हजार पाहुणे. ही मर्यादा झाली? नियम कागदावर असतो हो, मी पाठ डोळ्यांनी पाहिली.

शुद्ध_शाकाहारी_पुणे

मुख्य प्रश्न कुणी विचारतच नाही. खायचं काय? आम्ही तीन दिवस ब्रेड, चीज आणि काकडीवर काढले. शेवटी थेपल्यांनी तारलं.

पायपीट

फावा मागवला नाहीत? पिवळ्या डाळीचं घट्ट गोळा वरण, वर कच्चा कांदा, ऑलिव्ह तेल, लिंबू. सोबत भात नाही हीच काय ती हळहळ. आणि ती तुरीची डाळ नाही, लाखेच्या डाळीच्या जातभाईची आहे. आक्रोतिरीच्या रांजणांतही तेच दाणे सापडले. म्हणजे तेव्हाही तिथे हेच वरण शिजत असणार!

धानपट्टा_भंडारा

थांबा. लाख म्हणजे आमची लाखोळी? जिच्यावर आपल्याकडे कितीतरी वर्षं विक्रीबंदी होती ती? ग्रीसमध्ये त्याच घराण्यातली डाळ बेटाच्या नावाने मानाने विकतात, आणि आमच्या शेतकऱ्याने चोरासारखी विकायची?

धान उभं असतानाच ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लाखोळी फेकतात. ना नांगरणी, ना वेगळं पाणी. धान गेला त्या वर्षी आमच्या घरात चूल लाखोळीवर पेटली आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांनी ठरवलं की हे विष.

डॉक्टर_पण_गावचा

विष हा शब्द पुण्या-मुंबईचा नाही. माझे सख्खे आजोबा लाखोळीने दोन्ही पायांनी गेले. दुष्काळात चार महिने घरात दुसरं काही नव्हतं. शेवटपर्यंत काठ्यांवर, टाचा कधी जमिनीला टेकल्या नाहीत. घटकाभर अभिमान बाजूला ठेवा.

धानपट्टा_भंडारा

तुमच्या आजोबांचं वाईट वाटलं, मनापासून. पण त्यांचे पाय उपासमारीने नेले. महिनोन्महिने तेच आणि तेवढंच खावं लागलं म्हणून. माझी आई डाळ रात्रभर भिजवून पाणी फेकते, मग शिजवते. ऐंशीची आहे, रोज बांधीवर जाते. आता रतन, प्रतीक असे कमी विषाचे वाणही आहेत.

डॉक्टर_पण_गावचा

भिजवून पाणी फेकणं, दुसऱ्या डाळी-धान्यांबरोबर खाणं, नवे वाण, हे सगळं कबूल. पण बेसनात गुपचूप मिसळून विकली जाते तेव्हा खाणाऱ्याला काय माहीत की भिजवायची होती? तेवढं मान्य करा, मग मी बंदीचा आग्रह सोडतो.

धानपट्टा_भंडारा

भेसळीच्या बाजूने मी कधीच नव्हतो. लाखोळी लाखोळी म्हणून विका, एवढंच म्हणणं आहे.

शुद्ध_शाकाहारी_पुणे

अहो, धागा ग्रीसचा आहे! नाक्सोसला शाकाहारी काय मिळतं?

चार_माणसं_दोन_बॅगा

बटाटे. नाक्सोसचे बटाटे तिथे नावाजलेले आहेत, आणि ग्राविएरा चीज. तिथल्या हाल्की गावाच्या चौकात झाडाखाली बाबांनी तळलेल्या बटाट्यांच्या दोन बश्या संपवल्या.

पायपीट ताई, तुमची पायवाट मी चाललो नाही, आक्रोतिरीही राहिलं. 'शून्य' हा शब्द मागे घेतो. पण ज्यांच्यासोबत म्हातारी माणसं आहेत त्यांना मी सांगणार नाक्सोसच.

पायपीट

म्हाताऱ्या माणसांचं मला पटलं, ते मी लिहायला हवं होतं. मात्र काळ्या वाळूला नावं ठेवू नका. पेरिसाच्या किनाऱ्यावर सकाळी आठला अनवाणी उतरा, वाळू अजून गार असते. आणि तिथल्या मळ्यातला वेल बघा. मांडवावर चढवत नाहीत, वाऱ्यापायी जमिनीलगत टोपलीसारखा वळतात. मी वाकून हात घातला तर आत द्राक्षांचा घड, सावलीत, दवाने ओला.

धानपट्टा_भंडारा

ताई, त्या फावाची डाळ ते लोक भिजवतात का? आईला सांगायचं आहे.