सहा तारी बास: गरज का नुसती हौस?

खर्जवाला
मंडळी, सल्ला द्या नाहीतर भांडा, पण गप्प बसू नका. नऊ वर्षं चार तारी बास गिटार (ई-ए-डी-जी) वाजवतोय, आमचा बँड प्रोग (अवघड ताल-रचनांचं रॉक) आणि मेटलच्या मधे कुठेतरी लटकलेला. वर्षापूर्वी दोन्ही गिटारवाले सात तारींवर गेले आणि तिथून माझी वाट लागली. त्यांची सर्वात जाड तार बी, साधारण ६२ हर्ट्झ. माझ्याकडे सगळ्यात खालचा बी म्हणजे ए तारेचा दुसरा फ्रेट (मानेवरची धातूची पट्टी), तोही तेवढाच ६२! बास तर गिटारच्या सप्तकभर खाली हवा, म्हणजे रिफ (फिरून फिरून येणारी सुरावट) बी वर आला की मी बासवाला नाही, तिसरा गिटारवाला असतो.

तर आता ई च्या खालची जाड बी तार पाहिजेच, आणि माझं मत असं की पाच तारी म्हणजे अर्धवट काम, घ्यायचा तर सहाच, बी-ई-ए-डी-जी-सी. बजेट पाऊण लाख, सेकंडहँड चालेल. बाबांना सांगितलं (ते गवयांच्या मागे तानपुरा घेऊन बसण्यात अर्धं आयुष्य घालवलेले) तर म्हणाले, खर्जाची तार नीट लागली की पुरतं, वरती अजून एक कशाला? तेव्हापासून डोक्यात किडा.

चौतारी
बाबांचं ऐक. आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस चार तारांवर, रशचा गेडी ली चार तारांवर, टूलचा जस्टिन चान्सलर वॉल कंपनीच्या बासच्या चार तारांवर. यांच्यापेक्षा अवघड वाजवतोस का तू? वाजवत असशील तर व्हिडिओ टाक.

खर्च किती सांगू? पाच तारींचा सेट आण, त्यातली बारीक जी डब्यात ठेव, बाकीच्या चार तुझ्याच बासला चढव, बी-ई-ए-डी. १३० ची (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) जाड तार नटच्या (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) खाचेत बसत नाही, ती खाच कानशीने जरा मोठी करून घ्यावी लागते, पेठेत हे काम करणारे आहेत. वर सेटअप (मान आणि तारांची उंची जुळवणं). झालं. उरलेल्या पैशात चांगला ॲम्प घे, त्याची जास्त गरज असणार.

अकरा_मात्रा
काका, तुमचा सल्ला मेटलपुरता शंभर टक्के बरोबर. पण तो प्रोग पण म्हणतोय ना. जी तार काढून टाकली की वरच्या सुरावटी कुठे वाजवणार, ब्रिजला (तारा अडकतात ते खालचं टोक) नाक लावून?

लोकांना वाटतं सहा तारी म्हणजे सोलो मारायला. मी चार वर्षं वाजवतोय, खरा फायदा हात कमी पळतो हा आहे. पाचव्या फ्रेटपाशी हात ठेवा, चार बोटं चार फ्रेट. चार तारीवर तिथे दीड सप्तक मिळतं. सहा तारीवर त्याच जागी खालचा ई ते पार वरचा जी शार्प, दोन सप्तकं आणि वर थोडं. आमच्याकडे एक गाणं सातात आहे (रूपक धरा हवं तर, तबलेवाला मित्र तसंच मोजतो आणि आमचा ड्रमर चिडतो), त्यात दर आवर्तनाला खालून वर उडी आहे. चार तारीवर हात सरकवता सरकवता सम चुकायची, आता हात जागचा हलत नाही.

आणि हे कालचं फॅड नाही बरं का. बासवादक अँथनी जॅक्सनने कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून सहा तारी बनवून घेतला १९७५ मधे.

चौतारी
जॅक्सन मेटल वाजवत नव्हता.

मिक्सरमागचा
मी साउंड करतो म्हणून वेगळं बोलतो, राग मानू नका. चार का सहा हा प्रश्नच चुकलाय. प्रश्न आहे जाड बी *कशी* वाजते. बी चा मूळ सूर ३१ हर्ट्झच्या आसपास. पुण्यातल्या ज्या जाम रूममधे मी काम केलंय तिथल्या बास कॅबिनेटमधून तो नीट बाहेरच पडत नाही, तुम्ही ऐकता ते त्याच्या वरचं सप्तक आणि त्याच्या वरचे सूर, खालचा सूर कान स्वतः भरून काढतो. म्हणून तार ढिली असली की वरचे सूरच गढूळ येतात आणि मग कान काय डोंबल भरणार. सगळे विचारतात बास का ऐकू येत नाही, मी म्हणतो वाजतोय कुठे.

त्यामुळे आधी स्केल लेंथ (नट ते ब्रिज, तारेची वाजती लांबी) बघ. नेहमीची ३४ इंच. तीच तार, तोच सूर, ३५ इंचावर घेतला तर ताण साधारण सहा टक्के वाढतो. डिंगवॉल कंपनीवाले तिरक्या फ्रेटवर जाड तार ३७ इंचापर्यंत नेतात, तिथे ताण अठरा टक्के जास्त, म्हणून पूर्वी पेरिफेरी बँडमधे बास वाजवणाऱ्या नॉलीसारख्या लोकांनी तो उचलला. आणि नॉली पाच तारीवर ओळखला जातो, सहा नाही! तुझ्या बजेटमधे नवा डिंगवॉल विसर. यामाहाचा टीआरबी १००६ जे ३५ इंची आहे, सेकंडहँड दिसला तर हातचा जाऊ देऊ नकोस. आयबनेझचा एसआर ५०६ हलका, सुटसुटीत, पण ३४ च, तिथे १३५ ची तार लावून बघ.

हो, आणि सेकंडहँड शोधताना फेंडरचा बास सिक्स दिसेल, १९६१ पासूनची गोष्ट आहे ती. तीस इंची, गिटारच्याच सुरांत पण एक सप्तक खाली. मस्त वाद्य आहे, पण तुझं काम ते नाही. एकजण चुकून आणून बसलाय, नाव सांगत नाही.

लहान_हात
इथे कोणी हाताबद्दल बोललंच नाही अजून. मी पाच फूट एक. दुकानात तिघांनी सांगितलं की मॅडम तुम्हाला सहा तारी झेपणार नाही, दोघांनी तर मी हात लावायच्या आधीच. झेपतो. फक्त तारांमधलं अंतर कमी असलेला बघायचा, ड्रीम थिएटर या प्रोग मेटल बँडचा जॉन मायंग सहा तारीच वाजवतो आणि त्याच्या बोंगो बासची मानही अरुंदच ठेवलेली आहे. अर्थात अरुंद मानेवर स्लॅप (अंगठ्याने तार ठोकणं) करायला गेलात तर अंगठा भलत्याच तारेवर, ते विसरायचं.

खरी डोकेदुखी म्हणजे न वाजवलेल्या तारा. वरती रिफ चालू आणि जाड बी आपली मागे घूं घूं करतेय. डिस्टॉर्शन लावलं की विचारूच नका. अंगठा पिकअपवर (तारांखालचा चुंबकाचा तुकडा) टेकवून ठेवायची सवय सोडून तो तारांवर सरकता ठेवायला मला आठ महिने लागले. रेकॉर्डिंगला मी पहिल्या फ्रेटपाशी केसांचा जाड रबर गुंडाळते, लाज कसली.

आणि वजन! मेट्रोने वनाजहून येते त्यामुळे ठीक, ॲक्टिव्हावर पाठीला लावून नळ स्टॉपचा सिग्नल एकदा काढून बघा.

खर्जवाला
अपडेट. लहान_हात यांनी रविवारी कोथरूडला जामला त्यांचा सहा तारी आणला (आभार, आणि हो, वजन कळलं). मित्राचा ३५ इंची पाच तारीही होता. दोन्हीवर तीच चार गाणी वाजवली, फोनवर रेकॉर्ड केली. जाड बी पाच तारीवर जास्त स्वच्छ, मान्य, काका आणि मिक्सरवाले दोघं जिंकलात. पण बारीक सी मी चार गाण्यांत दोनदाच वाजवली, आणि त्यातल्या एका ठिकाणी सगळे थांबून माझ्याकडे बघायला लागले. ते सुटत नाहीये डोक्यातून.

तेवढ्यात नवीन भानगड. दोघं गिटारवाले आता आठ तारी बघतायत.

मिक्सरमागचा
आठ तारीची सर्वात जाड तार एफ शार्प, ४६ हर्ट्झ. तुझा साधा ई ४१. म्हणजे तुझा जुना चार तारी अजूनही त्यांच्या खालीच आहे. आणि त्यांच्या खाली अख्खं सप्तक जायचं म्हणशील तर २३ हर्ट्झ, त्याला स्पीकर नको, भूकंपमापक लागेल.

चौतारी
फिरून माझ्याच दारात आलात की नाही. कानस तयार ठेवतो.

खर्जवाला
काका कानस ठेवा, जुन्या बासला लागेलच. चिंचवडला एक ३५ इंची सहा तारी विकायला आहे, शनिवारी बघायला चाललोय. बाबा पण येतो म्हणालेत, खर्ज ऐकायला.