श्रवणयंत्र लावणारे मूल: गावची अंगणवाडी की तालुक्याची ‘समावेशक’ नर्सरी?

आर्वी तालुक्यातील एक आई:
आमची साडेतीन वर्षांची मुलगी दोन्ही कानांना श्रवणयंत्रे लावते. तालुक्याच्या गावी एका खासगी नर्सरीने तिला घेण्याची तयारी दाखवली, म्हणून प्रवेशाआधी मी वर्गात बसून पाहिले. खोली पत्र्याची, पंख्यांची घरघर चाललेली, आणि बाई फळ्याकडे तोंड करून गाणे सांगत होत्या. श्रवणयंत्र बोलण्याबरोबर गोंगाटही मोठा करते, त्यामुळे तिला त्यातले फारसे काही कळले नसते. हे सांगताच बाईंनी मुलांकडे वळून तेच गाणे पुन्हा म्हटले. ही तयारी मला फीपेक्षा आणि रोजच्या ऑटोपेक्षा मोलाची वाटते. नाव तिथेच घालावे, असे माझे मत आहे.

निवृत्त शिक्षिका, दारव्हा:
ताई, मला हे पटत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल जाहीर केला असून, मुलांची लवकर तपासणी, त्यांना वर्गात सामावून घेणे आणि गरज पडल्यास तज्ज्ञांकडे पाठवणे हे काम त्यात अंगणवाडीकडेच दिले आहे. शिवाय ज्या पोरी पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत तिच्या शेजारी बसणार आहेत, त्यांना तिच्या यंत्रांची आणि तिच्याशी समोर येऊन बोलण्याची सवय आत्ताच लागायला हवी. ऑटोने रोज दूर जाणारे मूल गावात पाहुणे होते.

एक पालक, समुद्रपूर:
बाई, प्रोटोकॉल चांगला आहे, पण राबवायचा कोणी? सेविकाताईंनी वजन-उंची घ्यायची, आहार वाटायचा, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर नोंदी भरायच्या आणि उरलेल्या वेळात शिकवायचे. आमच्या मुलाच्या यंत्राची बॅटरी सकाळीच संपली होती, हे अंगणवाडीत कोणाच्याच ध्यानात आले नाही. त्यात दोष त्या ताईंचा नाही, एकटीवर टाकलेल्या कामाचा आहे.

एक वकील, यवतमाळ:
खासगीचीही बाजू तपासावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 16 नुसार समावेशक शिक्षणाची जबाबदारी शासनाच्या अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थांवर येते आणि फक्त नर्सरी-केजी चालवणाऱ्या अनेक संस्थांना अशी मान्यताच नसते. तिथल्या बाई नोकरी सोडून गेल्या, तर तोंडी शब्दाला काय आधार राहील?

आर्वी तालुक्यातील एक आई:
वकीलसाहेबांचा मुद्दा मान्य आहे. पुढची जागा, रोज सकाळी बॅटरी तपासणे आणि आवाज घुमू नये म्हणून जाड सतरंजी, एवढे मी संस्थेकडून लेखी मागेन आणि नकार आला तर प्रवेश घेणार नाही. मात्र बाई, गावातल्या मैत्रिणी तिला संध्याकाळी अंगणातही मिळतात. भाषा शिकण्याची ही वर्षे मला दुसऱ्या कशासाठीही खर्ची घालायची नाहीत.