आबासाहेब (गणपतराव) देशमुख सांगोल्यातून ११ वेळा आमदार झाले, प्रचार नेमका कसा असायचा त्यांचा?

माणकाठचा_पोरगा

मंडळी नमस्कार. मी मूळचा सांगोला तालुक्यातला, नोकरीमुळं पुण्यात असतो. परवा ऑफिसात डबा खाताना विषय निघाला तर विदर्भातला एक मित्र मानायलाच तयार नाही की एकच माणूस, एकच मतदारसंघ, एकच पक्ष आणि ११ वेळा आमदार. आणि तो पक्षही कुठला तर शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, ज्याचं राज्यात कधी सरकार नाही, मोठा नेता नाही, पैसा तर नाहीच नाही. मी त्याला मोबाईलवर दाखवलं तेव्हा गप्प बसला पण मग त्यानं जे विचारलं त्याचं उत्तर मला देता आलं नाही. म्हणाला, बरं मान्य, पण निवडून यायचे कसे ते सांग.

मला आठवतंय ते २००९ आणि २०१४ चं. त्याआधीचं सगळं ऐकीव. आबासाहेब एसटीनं फिरायचे, साधे राहायचे हे सगळ्यांना माहितीय, पण नुसत्या साधेपणावर कुणी ५० वर्षं मत देत नाही ना. तर ज्यांनी जुन्या निवडणुका बघितल्यात, प्रचारात फिरलेत, त्यांनी जरा सविस्तर लिहा. हरले तेव्हा का हरले तेही सांगा, ते तर कुणी बोलतच नाही.

निवृत्त_मास्तर

चांगला प्रश्न विचारलास बाळा. मी तालुक्यातच मास्तरकी केली, त्यामुळं निवडणूक ड्यूटी पण केली आणि घरचे कार्यकर्ते असल्यामुळं आतूनही बघितलं.

आधी वर्षं नीट लिहून घे म्हणजे मित्राला सांगता येईल. १९६२ ला पहिल्यांदा, मग १९६७. १९७२ ला पडले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले आणि तिथून १९७८, ८०, ८५, ९० सलग. १९९५ ला पडले. मग १९९९, २००४, २००९, २०१४. म्हणजे १३ वेळा उभे राहिले, ११ वेळा निवडून आले, २ वेळा हरले. आणि चिन्ह बदललं असेल, मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या असतील, पण पक्ष एकदाही बदलला नाही. माणूस मूळचा मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, म्हणजे सांगोल्याचा जन्मही नाही. वकिलीचं शिक्षण घेऊन इथं आले, कोर्टात शेतकऱ्यांच्या केसेस बघायला लागले आणि तिथून राजकारण. हे मी मुद्दाम सांगतोय कारण प्रचाराचं मूळ तिथं आहे. त्या काळात खेड्यातल्या माणसाला कोर्ट, मामलेदार कचेरी, पोलीस ठाणं म्हणलं की धडकी भरायची. तिथं आपल्या बाजूनं बोलणारा, आपल्याच भाषेत समजावून सांगणारा वकील भेटला की ते घर कायमचं जोडलं जायचं. पुढं त्या घरातली तिसरी पिढी मत देत होती.

आता प्रचार. लोकांना वाटतं प्रचार म्हणजे शेवटचे पंधरा दिवस. आबासाहेबांचं तसं नव्हतं. अधिवेशन संपलं की गावोगाव फिरणं सुरू, कुणाच्या दहाव्याला, कुणाच्या लग्नाला, टँकर आला नाही म्हणून, रोजगार हमीची हजेरी निघाली नाही म्हणून. पारावर बसायचे, भाकरी जे असेल ते खायचे. निवडणूक आली की फक्त तारीख सांगायला जावं लागायचं असं माझे वडील म्हणायचे. खर्चाचं म्हणाल तर गावची माणसं वर्गणी काढायची, जीपला डिझेल कार्यकर्ते घालायचे, जेवण ज्याच्या वाड्यावर मुक्काम त्याच्याकडं. कार्यकर्त्याला पैसे देऊन आणणं हा प्रकारच नव्हता, उलट कार्यकर्ताच घरची ज्वारी विकून यायचा. आमच्या घरातून असं झालंय म्हणून सांगतोय.

भाषण तसं ओढून घेणारं नव्हतं. आवाज चढवत नव्हते. आकडे सांगायचे, किती हेक्टर भिजणार, कालव्याचं काम कुठं अडलं, कुठल्या मंत्र्याशी काय बोलणं झालं. ऐकणाऱ्याला वाटायचं हा माणूस आपल्याला हिशेब देतोय.

डाळिंबवाला

मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे आणि आबासाहेबांबद्दल तर आहेच, पण मला एक गोष्ट कायम टोचते ती बोलतोच. ५० वर्षं आमदार आणि तालुका तहानलेलाच. मी माझ्या लहानपणी टँकरच्या मागं घागर घेऊन पळालोय. नीरा उजव्या कालव्याचं शेपूट आमच्याकडं येतं, पण शेपटाला पाणी पोचायचं कधी तर वरच्यांचं भागल्यावर. माणूस प्रामाणिक होता यात शंका नाही, पण सत्तेच्या बाहेर राहून तालुक्याचं नुकसान झालं असं मला वाटतं. सत्ताधारी आमदार असते तर टेंभूचं पाणी १० वर्षं आधी आलं असतं. आमच्या पिढीतल्या बऱ्याच पोरांनी नंतर दुसरीकडं मतं टाकली ती याच कारणानं, पैसे घेऊन नाही. ते पण लिहून ठेवा.

एसटीची_खिडकी

डाळिंबवाले दादा, तुमचा राग समजतो, मी पण त्याच टँकरमागं पळालोय. पण दोन गोष्टी.

एक म्हणजे ते कायम सत्तेबाहेर नव्हते. १९७८ ला पवारसाहेबांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री होते, आणि १९९९ ला विलासरावांच्या सरकारात पण मंत्री होते. त्याआधी १९७७-७८ ला विधानसभेत विरोधी पक्षनेते. आता पुलोद सरकार १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झालं आणि विलासरावांच्या वेळेला २००२ मध्ये शेकापनं पाठिंबा काढला, म्हणजे दोन्ही वेळा मंत्रिपद पुरतं टिकलं नाही हे खरं.

दुसरं, पाण्याचं. टेंभू योजना म्हणजे कऱ्हाडजवळ कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं वर चढवत खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत आणायचं. एवढं पाणी उपसायचं म्हणजे वीजबिल किती, पंप किती, पैसा किती. कृष्णा खोरे महामंडळच निघालं १९९६ ला, कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादानं २००० सालापर्यंत पाणी अडवायची मुदत दिली होती म्हणून शेवटी घाई झाली. त्याच्या आधीपासून १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आटपाडीत भरायची, क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, आबासाहेब, डॉ. भारत पाटणकर असे सगळे एका स्टेजवर. सांगली, सातारा, सोलापूर तिन्ही जिल्ह्यांतनं लोक ट्रकमधनं यायचे. मी स्वतः वडिलांबरोबर गेलोय, बसायला सतरंजी सुद्धा पुरत नव्हती, लोक मातीत बसून ऐकत होते. ती परिषद वर्षानुवर्षं भरली नसती तर ही योजना कागदावरच राहिली असती असं मला मनापासून वाटतं. पाणी उशिरा आलं हे कबूल, पण ते मागणारा थकला नाही. आणि प्रचाराचा प्रश्न विचारलाय म्हणून सांगतो, पाणी परिषद हाच त्यांचा खरा प्रचार होता, निवडणूक नसलेल्या वर्षातला.

आणखी एक, तुमच्याच बागेचं. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली, शंभर टक्के अनुदान. आपल्याकडं बोर आणि डाळिंब त्यातनं उभं राहिलं. ठिबक, शेततळं, खडकाळ रान, कमी पाणी, असल्या ठिकाणी डाळिंब कसं येतं हे बघायला लोक बाहेरून यायला लागले. योजना राज्याची होती, पण गावागावात जाऊन अर्ज भरून घेणारे कोण होते ते आठवून बघा.

डाळिंबवाला

फळबागेचं मान्य, माझी पहिली २ एकर त्यातलीच. वडिलांचा अर्ज पक्षाच्या माणसानंच भरला होता, त्यांनी मत कुणाला देणार हे विचारलं नव्हतं. तेवढं खरं बोललं पाहिजे. पाण्याचं माझं म्हणणं तेच राहील.

अलिबागचा_खटारा

रायगडातून लिहितोय, आमच्याकडं शेकाप म्हणजे खटारा, पक्षाचं बैलगाडीचं चिन्ह. आमच्याकडचा शेकाप आणि सांगोल्याचा शेकाप यात फरक आहे तो बाहेरच्यांना कळत नाही. आमच्याकडं गावकी, मच्छीमार, आगरी समाज, जिल्हा परिषद, सगळी ताकद एकमेकांत गुंतलेली. २००२ ला पाठिंबा काढला तो मूळ वाद पण आमच्याच जिल्हा परिषदेतला, राष्ट्रवादीबरोबरचा. म्हणजे रायगडच्या भांडणात सांगोल्याच्या आमदाराचं मंत्रिपद गेलं. मी तेव्हा तरुण कार्यकर्ता होतो, आमच्यात तेव्हा चर्चा असायची की आबासाहेब काय म्हणतील. त्यांनी पक्षाचा निर्णय मानला आणि बाहेर आले. आज असा मंत्री दाखवा.

एकेकाळी विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद शेकापकडंच असायचं. कृष्णराव धुळप, मग दि. बा. पाटील, मग गणपतराव. २०१४ ला आमचे तिघेच निवडून आले, अलिबाग, पेण आणि सांगोला. पक्ष असा आटत गेला आणि तरी हा एक मतदारसंघ टिकला, म्हणून मला तर हा प्रश्न सांगोलेकरांपेक्षा आम्हालाच जास्त पडतो.

माणकाठचा_पोरगा

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मास्तर, हरल्याचं राहिलं. १९७२ आणि १९९५. आणि एक अवघड प्रश्न विचारतो, राग मानू नका. तो मित्र शेवटी म्हणाला की सांगोल्यात धनगर समाज मोठा, म्हणून निवडून यायचे, बाकी सगळं सांगायला. यावर काय म्हणाल?

निवृत्त_मास्तर

राग कशाला. समाजाचा पाठिंबा होता, नव्हता म्हणणं खोटं होईल. पण नुसतं तेवढंच असतं तर समाज १९७२ ला पण होता आणि १९९५ ला पण होता, मग पडले कसे? आणि मराठा गावांत, दलित वस्तीत लाल बावट्याची, म्हणजे शेकापची घराणी होती ती कुठून आली? आमचंच घर बघा, आम्ही त्या समाजाचे नाही. शेकाप हा मुळात कुळ आणि छोटा शेतकरी यांचा पक्ष म्हणून इथं रुजला, जात नंतर.

१९७२ ला देशभर इंदिराबाईंची लाट. काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी हरवलं. त्याच साली दुष्काळ. पडलेला उमेदवार घरी बसतो, हे खडी फोडायच्या कामावर जाऊन मजुरांची मजुरी थकली म्हणून तहसीलदारांशी भांडत होते. १९७४ ला पोटनिवडणूक लागली आणि लोकांनी परत पाठवलं. माझ्या मते त्या दोन वर्षांनी पुढची वीस वर्षं मिळवून दिली.

१९९५ चा निकाल मला पाठ आहे. १९२ मतं. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील, तेव्हा तरुण, बोलायला तिखट. मी मोजणीच्या दिवशी बाहेर उभा होतो, लोक दोन दोनदा विचारत होते की आकडा बरोबर ऐकला का. रडणारी माणसं बघितली. कारण म्हणाल तर आम्ही गाफील राहिलो, "आबासाहेब येणारच" म्हणून कित्येक घरची म्हातारी माणसं मतदानाला आणलीच नाहीत. त्या १९२ मध्ये आमच्या आळीतली किती असतील याचा हिशेब मी कित्येक रात्री केलाय. १९९९ ला मग एक मत सोडलं नाही, आजारी माणसाला बाजेवर घालून आणलं.

एसटीची_खिडकी

मास्तरांच्या १९२ ला जोडून सांगतो. २०१९ ला वयामुळं आबासाहेब थांबले. आधी वेगळं नाव जाहीर झालं होतं, कार्यकर्त्यांनी ऐकलं नाही, मग नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले, समोर तेच शहाजीबापू, यावेळी शिवसेनेकडून. आजोबा १९२ नी आणि नातू ७६८ नी, एकाच माणसाकडून. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब उभे राहिले आणि २५ हजारांच्या आसपास फरकानं निवडून आले. अख्ख्या राज्यात शेकापचा तेवढा एकच आमदार. घराणेशाही म्हणाल तर आहे, मला स्वतःला कार्यकर्त्यातला माणूस उभा राहिलेला आवडला असता.

आणि सूतगिरणीचं कुणी लिहिलंच नाही. तालुक्यात कापूस पिकत नाही, तरी ८० च्या दशकात सहकारी सूतगिरणी उभी केली, पोरांना हाताला काम पाहिजे म्हणून. राज्यात किती गिरण्या बुडाल्या, ही चालली. माझा चुलता तिथं तिन्ही पाळ्यांत काम करून रिटायर झाला, दोन पोरी शिकवल्या त्यानं त्या पगारावर. ३० जुलै २०२१ ला आबासाहेब गेले, अंत्यसंस्कार गिरणीच्या आवारातच झाले. करोनाचे दिवस होते, तोंडाला मास्क लावून लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभे होते. चुलत्याला चालवत नव्हतं तरी काठी टेकत गेला.

अलिबागचा_खटारा

आमच्याकडून पण गाड्या निघाल्या होत्या त्या दिवशी. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली.

माणकाठचा_पोरगा

हे सगळं मित्राला वाचून दाखवलं आज. १९२ च्या आकड्यावर तो थांबला, म्हणाला, मास्तरांना विचार की ती म्हातारी माणसं आणली नाहीत ती १९९९ ला होती का. मास्तर, सांगाल का? दिवाळीला गावी येतोय, जमलं तर घरी येऊन भेटतो.

निवृत्त_मास्तर

काही होती, काही नव्हती. माझी आई होती. ९५ ला तिला ताप होता म्हणून ठेवलं घरी, ९९ ला तिनं सकाळी सातलाच चप्पल घातली. ये दिवाळीला, भाकरी खाऊन जा.